साधन आणि समाधान

बाजारांतून आणलेल्या वस्तूंपैकीं फारच थोड्या अशा असतील, कीं ज्या घेतांनाच त्यांच्या नांवावरून आपणांस कळावें, कीं ही खालच्या पायरीची वस्तु आहे. पातेलें घेणारी गृहिणी आपण पुढील मोठ्या पातेल्याची पूर्वतयारी करीत आहों असें समजत नाहीं. छत्री घेणारा गृहस्थहि आपली छत्री उंबरठ्यावरची आहे म्हणून खंत करीत नाहीं. परंतु आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांत, ज्यांस व्यवहारांत डीएसएलआर म्हणतात, एका वर्गाचें नांवच ‘एंट्री लेव्हल’, म्हणजे प्रवेशापुरता, असें पडलें आहे. मध्यमवर्गीय घरांत येतो तो बहुधा हाच कॅमेरा. घरांत मूल जन्मावयाचें असतें, किंवा दूरचा प्रवास ठरलेला असतो. पगारांतून हप्ते बांधले जातात, आणि एके दिवशीं तें काळें यंत्र घरांत येतें. त्याच दिवशीं त्याच्या धन्याच्या मनांत एक प्रश्नहि शिरतो: हें पुरे आहे काय? वरवर पाहतां हा प्रश्न खरेदीचा वाटेल. आमच्या मतें तो नीतीचा आहे, आणि म्हणूनच त्याचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ह्या वस्तूचें स्वरूप पाहूं. भिंगांतून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसविलेल्या आरशावर पडतो व तेथून वर परावर्तित होऊन पाहणाऱ्याच्या डोळ्यास पोंचतो. कळ दाबतांच आरसा वर उचलला जातो, मागील पडदा उघडतो, आणि तोच प्रकाश संवेदकावर पडून चित्र उमटतें. ही रचना फिल्मच्या कॅमेऱ्यांतूनच आलेली आहे. फिल्मच्या जागीं संवेदक आला, एवढेंच. १९९१ मध्यें कोडॅक कंपनीनें निकॉनच्या एफ ३ ह्या कॅमेऱ्यास असा संवेदक जोडून तो विक्रीस काढला, तेव्हां त्याचें चित्र सुमारें १३ लक्ष बिंदूंचें होतें, आणि किंमत २०,००० डॉलरांच्या घरांत होती. २००३ मध्यें कॅननचा ३००डी हा ६३ लक्ष बिंदूंचा कॅमेरा भिंगासह १,००० डॉलरांच्या आंत मिळूं लागला. २०१८ मध्यें निघालेल्या निकॉनच्या डी ३५०० ह्या कॅमेऱ्याचें चित्र तर २ कोटी ४२ लक्ष बिंदूंचें असतें, आणि त्याच्या नुसत्या देहाचें वजन अवघें ३६५ ग्रॅम भरतें. अर्थात् आज ज्यास प्रारंभीचा म्हणतात, तसा कॅमेरा १९९१ मध्यें कितीहि द्रव्य मोजलें तरी कोणास मिळाला नसता. पायरी खालची कीं वरची, हें आपण कोणाच्या शेजारीं उभे आहों त्यावर ठरत असतें.

वर उल्लेखिलेल्या ३००डी ची आणखी एक हकीकत बोधप्रद आहे. त्याच्यांतील संवेदक त्याच कंपनीच्या अधिक किमतीच्या १०डी कॅमेऱ्याइतक्याच बिंदूंचा होता. कांहीं सोयी मात्र आंतील आज्ञावलीनें झांकून ठेविलेल्या होत्या. पुढें कांहीं हौशी जाणकारांनीं ती आज्ञावली बदलून त्यांतील कित्येक सोयी उघड्या केल्या. म्हणजे जी उणीव धन्यास यंत्राची वाटत होती, तिचा कांहीं भाग दुकानाच्या मांडणीचा होता. व्यापाऱ्यानें मांडणी करावी, हें आम्हांस गैर वाटत नाहीं. पण त्याच्या मांडणीवरून आपल्या गरजेचें माप घेणें हें मात्र शहाणपणाचें नव्हे.

येथें कोणी म्हणेल, कीं मग सारा असंतोष खोटाच काय? तसेंहि नाहीं. ‘सर्व कांहीं डोळ्यांत आहे, साधनाचें कांहीं महत्त्व नाहीं,’ हें वाक्य ऐकावयास गोड लागतें, परंतु तें खरें नाहीं. ह्या कॅमेऱ्याबरोबर मिळणारें १८ ते ५५ मिलिमीटरांचें भिंग पूर्ण लांबविलें असतां त्याच्या छिद्राचें माप ५.६ च्या पलीकडे उघडत नाहीं. ५० मिलिमीटरांचें १.८ मापाचें साधें भिंग त्याच्या नऊ पटींहून अधिक प्रकाश आंत घेतें. देवघरांत समईच्या उजेडांत आजी पोथी वाचीत बसली आहे. तेथें पहिल्या भिंगानें चित्र घेतलें तर पडदा अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यांत पान उलटणारा हात हलून जातो. हा प्रकाशाचा हिशेब आहे. कोणाच्याहि समाधानी वृत्तीनें तो बदलत नाहीं. तसेंच, डी ३५०० च्या देहांत भिंगाचा रोख साधणारी मोटर नसल्यामुळें कित्येक जुनीं भिंगें त्याच्यावर हातानेंच जुळवावीं लागतात. ह्या मर्यादा खऱ्या आहेत, आणि त्या नाकारणें हें समाधान नसून दुराग्रह होय.

तेव्हां खरा प्रश्न असा, कीं जें साधलें नाहीं तें कोणाच्या मर्यादेमुळें साधलें नाहीं, साधनाच्या कीं साधकाच्या? ह्याचें उत्तर दुकानांत मिळत नाहीं, व जाणत्या मित्राच्या सल्ल्यानेंहि पुरतें मिळत नाहीं. वापरानेंच तें मिळतें. ह्या यंत्राच्या माथ्यावर एक चाकती असते. तिच्या एका खुणेवर सारा कारभार यंत्र आपणच पाहतें. दुसऱ्या टोंकास छिद्र, वेळ व संवेदनक्षमता हीं तीनहि धन्यानें ठरवावयाचीं असतात. डी ३५०० मध्यें तर नवशिक्यास हात धरून शिकविणारी ‘गाइड’ नांवाची स्वतंत्र खूण आहे. असें असून पुष्कळ घरांत ती चाकती पहिल्या खुणेवरून कधीं हलतच नाहीं. समईच्या उजेडांत यंत्र आपण होऊन आपला झगझगीत दिवा उघडतें, समईचा उजेड मरून जातो, आजीचा चेहरा पांढराफटक दिसतो, आणि धनी म्हणतो, कॅमेरा हलका आहे. दिवा बंद करून, संवेदनक्षमता वाढवून, दाराच्या चौकटीला खांदा टेंकून, आजीचें पान वाचून होईपर्यंत थांबून त्यानें पाहिलेंच नाहीं. ज्या वस्तूचे गुण आपणांस ठाऊक नाहींत, तिची पावती आपल्यापाशीं असली तरी ती खऱ्या अर्थीं आपली झाली, असें आम्हांस वाटत नाहीं.

पतंजलींनीं योगसूत्रांत जे पांच नियम सांगितले, त्यांत शौचानंतर संतोष येतो, आणि संतोषाच्या लगोलग तप व स्वाध्याय येतात. हा शेजार आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. तपावांचूनचा संतोष म्हणजे आळस. त्यास हातांतील वस्तूचा कस पाहण्याचाहि कंटाळा असतो. संतोषावांचूनचें तप म्हणजे धांवाधांव. तीस एका वस्तूपाशीं टिकण्याचा धीर नसतो. दादासाहेब फाळके १९१२ मध्यें लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. त्यांची गरज खरी होती, आणि त्या गरजेसाठीं समुद्र ओलांडण्यास ते कचरले नाहींत. परंतु परत आल्यावर त्याच कॅमेऱ्यानें त्यांनीं कुंडींतील वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस टिपली, आणि तें चित्र दाखवून पुढील उद्योगासाठीं भांडवल मिळविलें. अधिक चांगलें साधन आणणें आणि आणलेल्या साधनापाशीं चिकाटीनें बसणें, ह्या दोहोंत विरोध नाहीं, हें ह्यावरून दिसून येईल.

ह्या विचारास आम्ही एवढें महत्त्व देतों, ह्याचें कारण पैशाच्या अपव्ययाहून मोठें आहे. ‘चांगलें भिंग घेतलें म्हणजे आजीचें चित्र काढूं,’ असें म्हणणाऱ्याच्या घरीं भिंग येण्यास दोन वर्षें लागतात. आजी दोन वर्षें थांबेलच असें नाहीं. कोंकणांत नि मुंबईंत पावसाळ्याच्या दमट हवेनें कपाटांत निजलेल्या भिंगास बुरशी चढते. तसाच पुढील साधनाची वाट पाहणाऱ्या मनालाहि एक प्रकारचा गंज चढतो. समोरच्या गोष्टीकडे तें नीट पाहतच नाहीं. कारण पाहावयाचें तें पुढें, असा त्यानें निश्चय केलेला असतो. मूल रांगावयाचें थांबतें, अंगणांतला पारिजातक तोडला जातो, वडिलांची दाढी करण्याची जुनी लकब त्यांच्याबरोबर जाते. आणि कॅमेरा मात्र जवळजवळ नवाच राहतो.

आतां तर ह्या वर्गाची शिडीच काढून घेतली जात आहे. उत्पादक कंपन्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळल्या आहेत, आणि डी ३५०० चें उत्पादन थांबलेलें आहे. ज्यांनीं तो पहिली पायरी म्हणून घेतला, त्यांस वरच्या पायऱ्या दुसऱ्या भिंतीला लागलेल्या दिसतात. कित्येकांस ही फसवणूक वाटते. पण त्यांच्या हातांतील यंत्र २०१८ मध्यें जितका प्रकाश टिपत होतें, तितकाच आजहि टिपतें.

अशा गृहस्थांस आमची एक साधी सूचना आहे. त्यांनीं एक लहान वही करावी आणि वर्षभर, जें जें चित्र बिघडलें त्याचें कारण तींत प्रामाणिकपणें लिहावें: येथें भिंग कमी पडलें, येथें धीर कमी पडला, येथें आपण चाकतीस हात लावला नाहीं. वर्षाच्या अखेरीस पहिल्या प्रकारच्या नोंदी अधिक भरल्या, तर दुसरें साधन घेण्याचा त्यांचा अधिकार निर्विवाद आहे, आणि कोणतें घ्यावें हें त्यांस कोणास विचारावेंहि लागणार नाहीं. मात्र तोंवर घरांतील कित्येक चांगलीं चित्रें त्या जुन्याच कॅमेऱ्यानें निघालेलीं असतील, आणि मग दुकानाची वाट धरण्याची त्यांस फारशी घाई राहणार नाहीं, असा आमचा अंदाज आहे.