ताळेबंद खाऱ्या पाण्याचा

जे चुकलंय ते आजच्या आज दुरुस्त करावं, हे नीतिशास्त्र मी बँकेत शिकलो. रोकड जुळल्याशिवाय कॅशियरनं उठायचं नाही. मग घरी वरणभात गार होवो, की बायको गरम.

न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याला हे शास्त्र मान्य नाही. त्याच्या दिवाणखान्यात काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ आहेत. मंगळाच्या अंगठीतलं पोवळं यांच्याच भावकीतलं. हे जीव पाण्यातून माल उचलून चुनखडीचा सांगाडा बांधतात, आणि तोही ठरल्या प्रमाणात: लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम उचललं, की क्षारता २.८ अंशांनी उतरलीच. चक्क दुहेरी नोंद! विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात प्रवाळांची 'आंग्रिया बँक' आहे. तिथे भरणा समुद्रच करतो, कारकून लागत नाही. टाकीला समुद्र कुठला? म्हणून भाचा नळीत पाणी घेतो, रंग बदलेपर्यंत थेंब मोजतो आणि खर्ची पडलेलं परत भरतो.

एकदा क्षारता ६ अंश निघाली. त्याला हवी होती ९. फोनवर मी म्हटलं, "अरे, टाक की पावडर आणि झोप!"

"मामा, एका रात्रीत ९ केली तर मरतील. ६ वर निदान तगून आहेत. रोज अर्धा अंश."

मला आमचे शेजारी आठवले. त्यांनी म्हाताऱ्या वडिलांना देवगडहून आणलं आणि दुसऱ्याच दिवशी सुकी मासळी, तंबाखू, दुपारची झोप, सगळं बंद केलं. रक्तदाब आता छान आहे. आजोबा मात्र बोलायचे थांबले आहेत.

मग चुकीचा आकडा तसाच सोडावा का? छे! ६ अंशांवर प्रवाळाचीही वाढ खुंटते. प्रश्न एवढाच, की दुसऱ्याला सुधारण्याचा हक्क कुणाला? मला वाटतं, ज्याची उद्या, परवा आणि तेरवाही नळी घेऊन यायची तयारी आहे, त्याला. एका दिवसात सुधारणा उरकणाऱ्याला समोरच्या जिवाचं भलं नको असतं. स्वतःची वही मिटवून झोपायचं असतं.

काल मी आजोबांना गुपचूप अर्धा सुका बांगडा पोचवला. पुढच्या आठवड्यात पाव देईन. शून्यावर येऊ हळूहळू. आजोबा म्हणाले, "उद्या येशील ना रे?"