आप्त कोणाला म्हणावे?

सीमेवरच्या आम्हा लोकांची एक रीत आहे. साधा ताप आला तर तालुक्याचा दवाखाना आणि दुखणे जड वाटले तर हैदराबाद. १९५६ पर्यंत आमचा नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. राज्य गेले, तरी दुखण्याखुपण्याची वाट काही बदलली नाही. त्याच हैदराबादेत आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी औषधशास्त्राचे शिक्षण घेत आहे. फावल्या वेळात ती संगणकावरच्या मुक्त ज्ञानकोशात मराठीतून आरोग्यविषयक लेख लिहिते, इतरांचे लेख तपासते. गेल्या उन्हाळ्यात घरी आली तेव्हा मधुमेहावरचा लेख माझ्यापुढे ठेवून म्हणाली, ‘‘सर, तेवढी भाषा पाहून द्या.’’

भाषा पाहता पाहता मी माझ्या पदरचे एक वाक्य घातले. भिजवलेल्या मेथ्या रोज सकाळी घेतल्यास मधुमेह आटोक्यात राहतो, असे ते वाक्य. माझे वडील वीस वर्षे मेथ्या घेत होते आणि वीस वर्षे धडधाकट होते. याहून मोठा पुरावा मला कशाला हवा होता?

दोन दिवसांनी पाहतो तो वाक्य गायब. विचारले तर म्हणाली, ‘‘सर, तुमच्या वडिलांचं खरंच असेल. पण इथं चालायचं नाही. मेथ्यांवर काही लहान चाचण्या झाल्यात, त्यांत साखर काहीशी उतरलेली दिसते. तेवढ्यावरून आजार आटोक्यात राहतो असं कसं लिहायचं?’’ मी विचारले, ‘‘आणि माझा अनुभव?’’ ती खाली पाहत म्हणाली, ‘‘सर, अप्पा रोज शेतापर्यंत चालत जायचे. चहात साखरही घेत नव्हते, तुम्हीच सांगितलं होतं वर्गात.’’

मला राग आला, हे कबूल करतो. पस्तीस वर्षे खडू हातात धरलेल्या माणसाचे वाक्य एका पोरीने खोडावे! पण राग ओसरल्यावर एक जुनाच प्रश्न समोर उभा राहिला. जे आपण स्वतः पाहू शकत नाही, ते कोणाच्या शब्दावर खरे मानायचे?

आपल्या नैयायिकांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान यांच्या जोडीला त्यांनी शब्द हे चौथे प्रमाण मानले. मात्र शब्द कोणाचा? तर आप्ताचा. आज आप्त म्हणजे नातेवाईक. न्यायभाष्यकार वात्स्यायनांचा आप्त वेगळा आहे. ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही ते सांगतात. आप्तत्व कुळावर किंवा पदवीवर ठरत नाही, एवढे यातून निघते. जाणणे आणि प्रामाणिकपणे सांगणे, या दोन अटी.

या दोन अटी पुरेशा आहेत का? मला वाटत होते, आहेत. पण हैदराबादच्याच इतिहासातल्या एका प्रकरणाने माझी ही समजूत हलवली.

क्लोरोफॉर्मचा भूल देण्यासाठी वापर १८४७ मध्ये एडिंबरोच्या सिम्प्सनने सुरू केला. पुढच्याच वर्षी जानेवारीत हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी पायाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. तेव्हापासून वाद पेटला. माणूस दगावतो तो श्वास थांबल्याने, की हृदय बंद पडल्याने? हा वाद पुस्तकी नव्हता. भूल देणाऱ्याने छातीची हालचाल पाहत बसायचे की नाडीवरही बोट ठेवायचे, हे त्यावर ठरणार होते.

हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी हे तिथल्या वैद्यकीय शाळेचेही प्रमुख होते. एडिंबरोला जेम्स साइम यांच्या हाताखाली ते शिकले होते आणि श्वासाकडे लक्ष ठेवा, ही गुरूंची शिकवण त्यांनी जपली होती. १८८८ मध्ये त्यांनी आयोग नेमून १४१ कुत्र्यांवर प्रयोग केले. निष्कर्ष निघाला, श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’चा प्रतिनिधी म्हणून लॉडर ब्रंटन हे नामवंत डॉक्टर १८८९ मध्ये हैदराबादला आले. येताना ब्रंटन यांचे मत उलट होते. दुसऱ्या आयोगाने चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग केले आणि ब्रंटन यांनीही मत बदलले. अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

आता बघा. राजाश्रय आहे, मोठा आकडा आहे, नामांकित नियतकालिक आहे, विरोधकाचे मतपरिवर्तनही आहे. लॉरींनी जे सांगितले ते डोळ्यांनी पाहिलेले होते आणि ते खोटे बोलत नव्हते. वात्स्यायनांच्या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या होत्या. आणि तरीही निष्कर्ष चुकीचा होता! १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवून दिले की भूल हलकी असतानाच हृदयाचे ठोके बिघडून ते एकाएकी बंद पडू शकते. खोल भूल देऊन प्राणी मारणाऱ्या हैदराबादच्या प्रयोगांत हे दिसणे कठीण होते. म्हणजे लॉरींनी पाहिले ते खरे होते. त्यांनी काय पाहिले नाही, हे मात्र त्यांना कळायला मार्ग नव्हता.

त्याच शहराजवळ, बेगमपेठेत, २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या जंतूंची खूण सापडली. पहिल्या निवेदनात त्यांच्यापाशी पुरावा होता तो अवघ्या दोन डासांचा. पण पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर त्यांनी स्वतः आणि माणसाच्या हिवतापावर इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही साखळी पूर्ण केली. दोन डास खरे ठरले, साडेपाचशे जनावरे कमी पडली!

समजा, १८९० साली मी ज्ञानकोशाचा संपादक असतो. क्लोरोफॉर्मवर काय छापले असते? लॉरींचा अहवालच छापला असता, आणि वर निजामांचे आभारही. शहाणपण एवढेच झाले असते की ‘हैदराबादच्या आयोगाचे असे मत आहे, ग्लासगोच्या समितीचे मत याविरुद्ध आहे, वाद मिटलेला नाही’ असे लिहायचे. ती मुलगी ज्या नियमांनी चालते त्यांचे मर्म मला इथे उमगले. एकट्या प्रयोगावर विसंबायचे नाही, तो कितीही मोठा असो. एका प्रश्नावरचे सगळे प्रयोग, अनुकूल आणि प्रतिकूल, एकत्र मांडून तोलणारे आढावे पाहायचे. तज्ज्ञ मंडळांची उपचारसूत्रे, मान्य पाठ्यपुस्तके पाहायची, तीही अलीकडची. वर्तमानपत्रातली बातमी, औषध विकणाऱ्याचे पत्रक आणि स्वतःचा अनुभव बाजूला ठेवायचा. आप्ताला तिसरी अट लागते ती हीच. त्याचे म्हणणे त्याच्याशी लागाबांधा नसलेल्या दुसऱ्याने तपासलेले हवे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. असे केल्याने नवे सत्य दाराबाहेर ताटकळत राहते. १८९७ च्या डिसेंबरात रॉस यांनाही या कोशात जागा मिळाली नसती. खरे आहे. पण संशोधकाचे धाडस हा संशोधकाचा धर्म आहे, कोशकाराचा नव्हे. संशोधक चुकला तर दुसरा संशोधक त्याला गाठतो. कोशकार चुकला तर त्याला गाठतो तो रोगी, आणि रोग्यापाशी प्रयोगशाळा नसते.

मराठीत तर ही जबाबदारी दुप्पट होते. वैद्यकातले बहुतेक आढावे इंग्रजीत. मराठीत हाताशी येतात ती आरोग्याची सदरे आणि ऐकीव गोष्टी. इंग्रजी जाणणारा चार ठिकाणी ताडून पाहील. ज्याला फक्त मराठी येते, त्याला आपला शब्द हाच शेवटचा. आपल्या भाषेत स्रोत नाहीत म्हणून आपल्याच माणसाला हलके ज्ञान द्यायचे, हे भाषाप्रेम कसले?

एक गोष्ट सांगायची राहिली. ती सांगायला जड जाते. मेथ्यांचा हा महिमा मी शाळेतही अनेकदा सांगितला होता. आमच्या शिपायाला साखरेचा आजार आहे. पायाची जखम महिनाभर भरेना म्हणून मी त्याला विचारले, ‘‘गोळ्या घेतोस ना?’’ तो म्हणाला, ‘‘न्हाई सर. तुम्ही मेथ्या सांगितल्या तवापासून बंद केल्या.’’ मी गोळ्या बंद कर असे कधी म्हटले नव्हते. पण त्याच्या लेखी हेडमास्तर म्हणजे आप्त! त्या दुपारीच त्याला दवाखान्यात नेले. पाय वाचला. मी लॉरींना हसू शकत नाही. ते गुरूला जपत होते, मी वडिलांना जपत होतो.

त्या मुलीला नंतर पत्र लिहिले, वाक्य खोडलेस ते बरे केलेस म्हणून. तिने उत्तरात नवे काम पाठवले आहे. ‘याबाबत पुरेसा पुरावा नाही’ हे वाक्य तिच्या लेखांत वारंवार येते आणि वाचणाऱ्याला त्याचा अर्थ ‘मग घ्यायला काय हरकत आहे’ असा वाटतो, अशी तिची अडचण आहे. आमच्या शिपायाला वाचताक्षणी कळेल असे ते कसे लिहावे, ते मला ठरवायचे आहे. तीन मसुदे झाले. प्रत्येक मसुदा मी त्यालाच वाचून दाखवतो. अजून त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलेले नाही.