जिजाईचा वाटा

आषाढी वारीत तुकोबांची पालखी आमच्या भागात थोडेच दिवस असते. उंडवडी गवळ्याचीहून बारामती, मग काटेवाडीवरून सणसर, पुढे बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि शेवटी सराटी. सराटीला नीरेत पादुकांना स्नान घातलं की पालखी पूल ओलांडून सोलापूर जिल्ह्यात शिरते. या दिवसांत वाटेवरच्या घरांतल्या बायकांना विचारा, पालखी कशी झाली? आधी भाकऱ्यांचा हिशेब येतो. किती पीठ दळून आणलं, कोणत्या दिंडीला पिठलं दिलं, शेंगदाण्याची चटणी कशी पुरली. दर्शन झालं का, हे मग दुसऱ्यांदा विचारावं लागतं. बऱ्याच जणी म्हणतात, ‘लांबूनच झालं.’

वारीबद्दल आपण इतकं लिहितो, पण ‘लांबूनच झालं’ म्हणणारी ही बाई आपल्या लिहिण्यात फारशी येत नाही.

हा पालखी सोहळा 1685 साली सुरू केला तो तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी. तुकोबा 1650 साली वैकुंठाला गेले, तेव्हा नारायण आईच्या पोटात होते. त्यांनी वडिलांना पाहिलेलंच नाही. वडील कसे होते, काय गात होते, विठोबाशी कसं बोलत होते, हे त्यांना घरातल्यांकडून आणि गावाकडूनच कळलं असणार. त्या घरात तीन मुली, तीन मुलगे आणि त्यांना वाढवणारी एक आई होती. जिजाई. ज्या पादुकांपुढे आज बारामती-इंदापूरचा रस्ता माणसांनी भरून जातो, त्या पादुका पालखीत ठेवणारा मुलगा तिनं मोठा केला.

आणि आपण तिला काय म्हणून ओळखतो? कजाग. तोंडाळ. संताच्या वाट्याला आलेली भांडकुदळ बायको. प्रभातच्या 1936 सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये गौरीबाईंनी जिजाई अशी उभी केली की त्यापुढे दुसरी जिजाई डोळ्यांसमोर येत नाही. आजारी पोराला घेऊन, हातात वहाण धरून ती विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. सिनेमा बघताना लोक हसतात. मला तिथं हसू येत नाही. पोर तापानं फणफणलंय, घरात दाणा नाही, नवरा भजनात आहे. अशा वेळी ती बाई कोणाकडे गेली? सावकाराकडे नाही, वैदूकडेही नाही. ती विठोबाकडे गेली. शिव्या द्यायला का होईना, पण समोर कोणीतरी ऐकणारा आहे याची तिला पक्की खात्री होती. याला श्रद्धा नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं?

गाथेतही तिच्या तक्रारीचे अभंग आहेत. नवऱ्यानं घरदार वाऱ्यावर सोडलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय वाढू, हा तिचा संताप तुकोबांनी स्वतःच्या शब्दांत उतरवून ठेवला. तिची तक्रार त्यांनी खोडली नाही, लपवलीही नाही. आणि हीच जिजाई भाकरीचं गाठोडं घेऊन नवऱ्यासाठी डोंगर चढत होती. चढताना तिच्या पायात काटा रुतला आणि विठोबानं तो स्वतःच्या हातानं काढला, अशी कथा आहे. मला ही कथा फार मोलाची वाटते. देव तुकोबांना भेटला यात नवल नाही. तो जिजाईलाही भेटला. ती त्याची आळवणी करत नव्हती, पोटातल्या भुकेची काळजी वाहत होती.

आमच्या ओळखीतली एक बाई बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कमध्ये शिलाईवर आहे. दोन पोरं, सासूबाईंचे गुडघे गेलेले, नवरा एमआयडीसीत शिफ्टला. तिच्या ओट्यावर, मिक्सरच्या वर, विठ्ठल-रखुमाईची एक तसबीर आहे. फोडणीच्या वाफेनं काच पिवळट झालेली, खालच्या कोपऱ्यात कणकेचा डाग. देव्हारा बाहेरच्या खोलीत आहे, तो सासूबाईंचा. ही तसबीर हिची. पहाटे कणीक मळताना ती त्या तसबिरीशी बोलते. धाकट्याचा ताप उतरत नाही, सुपरवायझर सुट्टी देत नाही, फी भरायची राहिलीय. ‘आता तूच बघ बाबा, माझ्यानं नाही व्हायचं’ असं म्हणत ती पोळी लाटते. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, ‘ताई, मी याला रोज बोलते. सगळ्यांना बोलून कसं चालंल? हा उलटून काही म्हणत नाही.’

हीच बाई वर मला सांगते, की तिच्या हातून देवाचं काहीच होत नाही. पोथी वाचायची राहते, उपवास मोडतो, निरांजन लावताना पोरावर खेकसते आणि मग दिवसभर जिवाला लागतं. ही रुखरुख मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकली आहे, की ती एकेकीची राहिलेलीच नाही. भक्ती म्हणजे शांत चेहरा, स्वच्छ आसन, सलग वेळ असं आपण त्यांच्या मनावर ठसवलंय. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसतं, की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी 289 मिनिटं जातात, आणि अशी कामं करणाऱ्या पुरुषांची 88 मिनिटं. पोरांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलंच नाही. मग सलग वेळ आणायचा कुठून? मार्गशीर्षातले गुरुवार, पारायण, नवरात्राचे नऊ दिवस, हे सगळं तिच्या कामांच्या यादीत वरून पडत जातं. घरातल्या बाकीच्यांसारखा देवही तिच्याकडे काहीतरी मागतच उभा राहतो. हे मला मान्य नाही.

आपल्या परंपरेनंही हे असं सांगितलेलं नाही. जनाबाईनं नामदेवांच्या घरी दळण-कांडण केलं, आणि तिचा विठोबा येऊन जात्याला हात लावतो, शेण्या वेचू लागतो. तो तिला काम टाकून ये म्हणत नाही. दळणाऱ्या बायकांनी हे नीट ओळखलं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यांत पंढरीची वाट आहे, भाऊ आहे, लेक आहे, सासुरवास आहे, आणि विठोबाला दिलेली खरमरीत उत्तरंही आहेत. त्या बायकांना भजनाला वेगळा वेळ कोण देणार होतं? हात जात्याला बांधलेले, पण तोंड मोकळं होतं. विजेची गिरणी आली, खांद्यांचे हाल थांबले, आणि ते फार चांगलं झालं. जातं परत यावं असं मी कधीही म्हणणार नाही. पण पहाटेचा तो एक तास, ज्यात बाई मनातलं मोठ्यानं म्हणू शकत होती, तोही गिरणीबरोबर गेला. त्याच्या जागी काही आलं नाही. ओट्यावरच्या त्या तसबिरीत मला त्या तासाचा उरलेला तुकडा दिसतो.

मनातलं बोलायला ती तसबीर पुरते, आनंदाचं मात्र तेवढ्यावर भागत नाही. त्यासाठी बेलवाडीला जायला हवं. गोल रिंगणात आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस आणि हंडा घेतलेल्या बाया, मग विणेकरी, टाळकरी, पखवाजवाले आणि शेवटी अश्व. बघायला येणारे घोड्यासाठी येतात. मी बायांसाठी जाते. चाळिशीच्या, पन्नाशीच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेल्या, एका हातानं वृंदावन सावरत, दुसरा हात हवेत सोडून त्या धावतात. तोंडभर हसत धावतात. लग्नानंतर या बायांना चारचौघांत धावताना कोणी पाहिलंय? बस पकडायला, पोराच्या मागं, दूध उतू जातंय म्हणून, एवढंच त्यांचं धावणं. इथं मात्र त्यांना कुठंही पोहोचायचं नसतं. एक फेरी संपली की धापा टाकत एकमेकींचे हात धरतात आणि लगेच फुगडी सुरू. मागं राहिलेलं घर तसंच पसाऱ्यात असणार, पेरणी अडलेली असणार. सगळं उरकल्यावर आनंद करू असं म्हणणारी बाई त्या रिंगणात कधीच दिसली नसती.

आणि रिंगणाच्या कडेला, दोरीच्या या बाजूला, आमच्या तालुक्यांतल्या बाया उभ्या असतात. कडेवर पोर, हातात पाण्याचा तांब्या, घरी परतायची घाई. घोडा गेला की टापांखालची माती उचलून त्या पोराच्या कपाळाला लावतात, स्वतःच्या कपाळाला लावायची बहुतेकींची राहून जाते. तुळस डोक्यावर घेतलेल्या बायकांची पोरं त्या दिवशी गावाकडं कोणीतरी सांभाळत असतं. सासू, जाऊ, क्वचित नवरा. वारीला जाणाऱ्या बाईमागं असं एक माणूस असतंच. दोरीच्या अलीकडे उभ्या असलेल्या बाईला ते माणूस मिळत नाही, आणि आपण त्याला तिचं नशीब म्हणून मोकळे होतो.

सणसरहून बेलवाडी जवळ आहे. सकाळी दिंड्यांबरोबर चालत निघालं, तर रिंगण गाठून दुपारी घरी येता येतं. त्यासाठी आदल्या रात्री घरात एवढंच ठरायला हवं, की सकाळच्या भाकऱ्या कोण थापणार, दूध कोण घालणार आणि धाकट्याला कोण घेणार. काटेवाडी, सणसर, अंथुर्ण्याच्या पुरुषांनी येत्या आषाढात हे आपण होऊन विचारावं. दिंड्यांच्या पंगतींना वाढताना ही मंडळी कुठं कमी पडत नाहीत, मोठाल्या पातेल्यांत आमटी ढवळताना मी त्यांना दरवर्षी बघते. त्यातल्याच एकानं घरच्या तव्यापाशी बसावं, आणि त्याच्या बायकोनं त्या दिवशी पादुकांवर डोकं टेकवून यावं. विठोबाशी तिचं जे काही बोलणं थकलंय, तेही तिला जवळून बोलता येईल.