सुखरूप परतणें

त्र्यंबकच्या डोंगरांवर तीन दिवस पाऊस कोसळला आणि चौथ्या दिवशीं लख्ख ऊन पडलें. दहाबारा विद्यार्थ्यांस घेऊन ब्रह्मगिरीवर जावयाचें आधींच ठरलें होतें. पायथ्याशीं एका म्हाताऱ्या गुराख्यानें मला हटकलें, "आज कड्याखालून जाऊ नगा, गुरुजी. डोंगर अजून पानी पितोय." मीं आकाशाकडे पाहिलें, तें निरभ्र होतें. आम्ही गेलों आणि संध्याकाळीं सुखरूप परतलों. या गोष्टीस वीसएक वर्षें झालीं. परंतु त्या दिवशीं मीं योग्य केलें काय, या प्रश्नानें माझा पिच्छा सोडलेला नाहीं.

गुराख्याचें म्हणणें शास्त्रास धरूनच होतें. सह्याद्रीच्या उतारांवर कठीण काळ्या पाषाणावर माती व कुजका खडक यांचा थर असतो. त्यांत मुरणारें पाणी कणांची पकड सैल करतें, आणि हें काम पाऊस थांबल्यावरहि चालूच राहतें. हिमाच्छादित पर्वतांत वादळानंतर घसरपट्ट्या बांधून उतरणाऱ्यांची स्थिति फारशी निराळी नाहीं. नवें हिम जुन्या दुबळ्या थरावर बसलेलें असतें. वरून सारें शुभ्र आणि शांत. ३० ते ४५ अंशांचे उतार विशेष घातक, आणि सांपडलेल्यांपैकीं बहुतेकांवरचें हिम त्यांच्या किंवा सोबत्यांच्या भारानेंच सुटतें. म्हणून जाणते लोक खड्डा खणून थर पाहतात व पायाखालीं 'धप्प' असा आवाज झाला कीं मागें फिरतात. आकाश पाहून निर्णय करणारा तेथेंहि माझ्यासारखाच फसावयाचा.

"परंतु कांहीं झालें नाहीं ना?" असें स्नेही विचारतात. मला या वाक्याचेंच भय वाटतें. बुद्धिबळांत चुकीची खेळी केली तर प्रतिपक्षी ती दाखवून देतो. डोंगर बहुधा दाखवीत नाहीं. वीस वेळां चुकलेला मनुष्य वीस वेळां घरीं येतो आणि त्यास अनुभव म्हणूं लागतो.

येथें एक भेद केला पाहिजे. ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गाडली गेली; १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इरशाळवाडीवर दरड आली, आणि ती वाडी तर दरडप्रवण गांवांच्या यादींतहि नव्हती. तेथील माणसें कोठें जाणार होतीं? त्यांस अविचारी म्हणण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. ते डोंगराखालीं राहत होते. आम्ही सहलीस गेलों होतों.

शिवाय 'आम्ही' हा शब्दहि सर्वस्वीं खरा नव्हे. विद्यार्थी मागून येत होते; गुराख्याचे शब्द मीं एकट्यानेंच ऐकले आणि त्यांस सांगितले नाहींत. त्यांतील एक आतां स्वतः शिक्षक आहे. गेल्या पावसाळ्यांत तो भेटला, तेव्हां मुलांस घेऊन गडावर निघाला होता. जरा थांबावें, असें मीं सुचविलें. तो हंसून म्हणाला, "सर, आपण नव्हतों का गेलों, तीन दिवसांच्या पावसानंतर?"