खरेदीखत आणि वास्तव्याचा हक्क

परदेशात घर विकत घेतले म्हणजे तेथे कायम राहण्याचा हक्कही मिळतो काय? ज्यांची मुले परदेशी स्थिरावली आहेत, अशा अनेक घरांतून हा प्रश्न विचारला जातो. कायद्याचे उत्तर देशपरत्वे निराळे आहे. ब्रिटन व अमेरिकेत परकीयास घर घेता येते. परंतु केवळ त्या घराच्या आधारावर वास्तव्याचा परवाना मिळत नाही. दुबईत मात्र २० लाख दिरहॅमची मालमत्ता घेणाऱ्यास दहा वर्षांचा निवासी व्हिसा मिळू शकतो. पोर्तुगालने घरखरेदीचा असाच मार्ग २०२३ मध्ये बंद केला व स्पेनने २०२५ मध्ये. तेथील सामान्य माणसास राहते घर परवडेनासे झाले, हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

कायद्याच्या या उत्तरांमागे एक नैतिक प्रश्न उभा आहे. भूमीची मालकी आणि त्या भूमीवरील लोकांमध्ये राहण्याचा अधिकार या दोन गोष्टी एकच आहेत काय?

तंजावरचा इतिहास याविषयी विचार करावयास लावतो. १६२० मध्ये रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना समुद्रकाठचे तरंगंबाडी वार्षिक रकमेच्या करारावर दिले. त्यांनी तेथे किल्ला बांधला. सव्वादोनशे वर्षांनी, १८४५ मध्ये, त्यांच्या सरकारने ही वसाहत इंग्रजांना विकून टाकली आणि डेन्मार्कचा तेथील संबंध संपला. याच तरंगंबाडीत १७५० मध्ये उतरलेले मिशनरी श्वार्ट्झ मात्र मायदेशी परतले नाहीत. ते तमिळ बोलत, मराठीही शिकले, राजदरबार व रयत या दोहोंच्या विश्वासास पात्र ठरले आणि १७९८ मध्ये तंजावरातच निवर्तले. सरफोजीराजांनी त्यांच्या स्मरणार्थ इंग्लंडमध्ये संगमरवरी शिल्प घडवून घेतले. डेन्मार्कपाशी करारपत्र होते. श्वार्ट्झ यांच्यापाशी लोकांचे प्रेम होते.

तंजावरचे मराठेही मुळात बाहेरचेच. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात हे राज्य तलवारीच्या बळावर घेतले, हे विसरता येत नाही. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना निवर्तले, तेव्हा कंपनीने राज्याबरोबर राजघराण्याची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांना मद्रासच्या न्यायालयात न्याय मिळाला. पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. राज्य गेले, मराठी कुटुंबे मात्र राहिली. घरात मराठी व बाहेर तमिळ बोलणारी ती माणसे आज तेथील परकी नव्हेत. त्यांचे तेथील असणे कोणत्याही दस्तऐवजावर अवलंबून उरलेले नाही.

यावर कोणी म्हणेल की, धनिक खरेदीदार पैसा आणतो, कर भरतो; मग त्यास राहू देण्यात अन्याय तो कोणता? खरेदी करणे हे पाप नव्हे, हे मान्य. परंतु आखातात वीस-पंचवीस वर्षे राबलेला कोकणातील माणूस नोकरी संपताच बहुधा सामान आवरून परततो. ज्याने त्या शहराच्या भिंती उभारल्या त्याने जावे आणि ज्याने त्यातील एक सदनिका विकत घेतली त्याने राहावे, हा क्रम उलटा नव्हे काय?

पवित्र शास्त्रात अब्राहामाने मकपेलाची गुहा ४०० शेकेल रुपे देऊन विकत घेतली. तेव्हा त्याला कनानात येऊन साठांहून अधिक वर्षे झाली होती. वास्तव्य आधी, खरेदी नंतर. आणि तीही पत्नीला मूठमाती देण्यापुरती. तेथे तो स्वतःस गेर आणि तोशाव, म्हणजे परदेशीय व उपरा, म्हणवितो. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात हेच दोन इब्री शब्द पुन्हा भेटतात. पण तेथे ते परकीयांना नव्हे, तर स्वतःच्या जमिनीवर बसलेल्या इस्राएल लोकांना उद्देशून आहेत. भूमी देवाची आणि मालक तिच्यावरील पाहुणे, असा त्याचा अर्थ.

म्हणून, वाचकहो, परदेशी घर घेणाऱ्याने दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. घर माझे होईल काय, याचे उत्तर वकील देईल. मी तेथील लोकांचा होईन काय, याचे उत्तर शेजाऱ्यांची भाषा शिकण्यात आणि त्यांच्या सुखदुःखात उभे राहण्यात आहे. तसेच ज्यांच्या नावावर सातबारा आहे अशा आपण सर्वांनी, आपल्या गावी पोटासाठी आलेल्या परप्रांतीय मजुराकडे पाहतानाही हे दोन इब्री शब्द आठवावेत.