‘नाही’ म्हणू शकणारे दुकान

आमच्या मंडळ्यांतील कित्येक घरांची मुले, सुना व जावई आज अमेरिकेत स्थायिक झाले आहेत. तेथील जीवनातले काही प्रश्न असे आहेत की, बेळगाव, बडोदे किंवा इंदूर येथील ख्रिस्ती घराला ते प्रथम ऐकताना विचित्रच वाटतात. बंदूक कोणत्या दुकानातून घ्यावी, हा त्यांपैकी एक. आपल्याकडे धान्य किंवा कापड कोणाकडून घ्यावे याची जशी चर्चा होते, तशी तिकडे ही चर्चा होते. कोणी म्हणतात, गावातल्या ओळखीच्या लहान दुकानदाराकडूनच घ्यावी. कोणी म्हणतात, गावोगावी शाखा असलेल्या मोठ्या दुकानातून घ्यावी, स्वस्त पडते. हा केवळ दराचा व सोयीचा प्रश्न आहे काय? आम्हांला तसे वाटत नाही. जी वस्तू एका क्षणात जीव घेऊ शकते, ती विकणाऱ्यावर व घेणाऱ्यावर देवापुढे कोणती जबाबदारी येते, हा त्याच्या पोटातला खरा प्रश्न आहे. आणि तो आपणां सर्वांचा आहे.

ख्रिस्ती माणसाने शस्त्र बाळगावेच काय, हा वाद येथे आम्ही काढीत नाही. मेनोनाइट व क्वेकर बांधवांनी शतकानुशतके त्याला नकार दिला आहे. इतर अनेक प्रामाणिक ख्रिस्ती लोक शिकारीसाठी किंवा शेताच्या राखणीसाठी बंदूक बाळगतात. ज्याने घेण्याचे ठरविले आहे, त्याच्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, तेवढाच आम्ही घेत आहो.

प्रथम तेथील पद्धत समजून घेतली पाहिजे. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आधी परवाना मिळवावा लागतो. चौकशी होते, अधिकारी निर्णय देतो, आणि मग मनुष्य दुकानाची पायरी चढतो. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम निरनिराळे असले, तरी केंद्रीय कायद्याप्रमाणे परवाना दुकानदाराला लागतो. गिऱ्हाईक एक फॉर्म भरते, दुकानदार सरकारी यंत्रणेकडे विचारणा करतो, आणि पुष्कळदा काही मिनिटांतच उत्तर येते. ही यंत्रणा नोव्हेंबर १९९८ मध्ये सुरू झाली. उत्तर ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असे येते. पण कधीकधी ‘थांबा’ असेही येते. थांबल्यानंतर कामकाजाच्या तीन दिवसांत पुढचे उत्तर आले नाही, तर बंदूक द्यावी की न द्यावी हे केंद्रीय कायदा दुकानदारावर सोडतो. म्हणजे आपल्याकडे जो शेवटचा दरवाजा सरकारी कचेरीत असतो, तो तिकडे कित्येकदा दुकानाच्या गल्ल्यापाशी असतो. त्या दरवाजाशी कोण उभा आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते.

आता दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकू. लहान दुकानाचा मालक स्वतः गल्ल्यावर असतो. त्याला मालाची माहिती असते, दुरुस्ती येते, नवशिक्याला तो वापर व सांभाळ शिकवतो. गिऱ्हाइकाचे घर, बाप, धंदा त्याला ठाऊक असतो. पैसा गावात राहतो. उलट मोठ्या दुकानात भाव कमी असतो, नियम लेखी असतात, आणि ते प्रत्येक शाखेत सारखे लागू होतात. तेथील नोकर आज आहे, उद्या नाही. पण नियम राहतो.

ह्या दोन बाजूंपैकी कोणती खरी? घडलेल्या गोष्टी पाहाव्यात.

दिनांक १७ जून २०१५ रोजी साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन शहरात इमॅन्युएल मंडळीत पवित्र शास्त्राचा अभ्यास चालू होता. एक २१ वर्षांचा अनोळखी तरुण आला. मंडळीने त्याला प्रेमाने बसवून घेतले. अभ्यास संपून प्रार्थना चालू असता त्याने पिस्तूल काढून पाळकांसह नऊ जणांना ठार केले. ते कृष्णवर्णीय होते, एवढेच त्याच्या द्वेषाला पुरे झाले. हे पिस्तूल त्याने एप्रिल महिन्यात एका स्थानिक दुकानातून घेतले होते. विचारणेला ‘थांबा’ असे उत्तर आले होते. मादक पदार्थाविषयीची त्याची कबुली पोलिसांच्या कागदांत होती आणि तिच्यामुळे त्याला नकार मिळावयास हवा होता. परंतु कागद शोधण्यात चूक झाली, असे केंद्रीय तपास खात्याच्या प्रमुखांनी पुढे जाहीरपणे मान्य केले. तीन दिवस संपले, उत्तर आले नाही, आणि दुकानाने पिस्तूल दिले. कायदा मोडला नव्हता.

त्याच देशात वॉलमार्ट ह्या प्रचंड दुकानसाखळीने २००२ पासून असा नियम ठेवला होता की, होकार आल्याशिवाय बंदूक द्यावयाची नाही, मग तीन दिवस होवोत की तीस. कायद्याची तशी सक्ती नव्हती. हा एक नियम त्या स्थानिक दुकानात असता, तर ती विक्री त्या दिवशी झाली नसती.

मग मोठे दुकानच बरे, असे म्हणावे काय? थोडे थांबावे. १९८७ साली फ्लॉरिडा राज्यात के-मार्ट ह्या तशाच मोठ्या साखळीच्या एका शाखेत दारूच्या नशेत चूर झालेला एक मनुष्य रायफल घ्यावयास आला. त्याने भरलेला फॉर्म वाचता येईना. म्हणून नोकराने दुसरा फॉर्म स्वतः भरून त्याची सही घेतली. त्या रायफलीने त्याने आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीवर गोळी झाडली, आणि ती जन्मभर मानेखाली लुळी झाली. १९९७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, नशेतल्या माणसाच्या हाती शस्त्र देणारा विक्रेता त्याच्या परिणामाबद्दल जबाबदार धरला जाऊ शकतो, असा निर्णय दिला. येथे लेखी नियम होते, फॉर्म होता, शाखा होती; नव्हता तो फक्त समोरच्या माणसाकडे पाहणारा डोळा.

आणि असा डोळा लहान दुकानात सापडल्याचेही उदाहरण आहे. २००९ साली न्यू हॅम्पशर राज्यात एका आठवड्याच्या आत तीन जणांनी एकाच दुकानातून बंदूक घेतली आणि काही तासांतच आत्महत्या केली. त्या तिघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. हे कळल्यावर दुकानदाराला हात झटकून मोकळे होता आले असते; फॉर्म बरोबर होते. त्याने तसे केले नाही. आरोग्यक्षेत्रातील लोक व इतर दुकानदार यांच्याबरोबर तो बसला. निराशेने ग्रासलेला मनुष्य कसा ओळखावा, त्याच्याशी काय बोलावे, विक्री केव्हा थांबवावी, याच्या सूचना तयार झाल्या. मदतीचे दूरध्वनी क्रमांक देणारी पत्रके दुकानांत लागली. पुढे इतर राज्यांतही हे काम पसरले. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले आणि त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या कामाचे मोल कळते. आत्महत्येची लाट पुष्कळदा येते आणि ओसरते. त्या घटकेला कोणी थांबविले, तर मनुष्य वाचतो.

परंतु सर्वच लहान दुकाने अशी नाहीत. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या परिसरात लपून गोळ्या झाडून दहा जणांना ठार करण्यात आले. ती रायफल टॅकोमा येथील एका दुकानातून नाहीशी झालेली होती, आणि ती नाहीशी झाल्याची दाद दुकानाला नव्हती. तपासात दोनशेंहून अधिक शस्त्रांचा हिशेब लागला नाही. सरकारने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, १९९८ मध्ये ज्या गुन्ह्यांतील शस्त्रांचा माग चालू दुकानांपर्यंत लागला, त्यांपैकी ५७ टक्क्यांहून अधिक शस्त्रे केवळ १.२ टक्के दुकानदारांकडून आलेली होती. काहींची विक्रीच मोठी, हेही त्याचे एक कारण असू शकेल. तथापि एवढे खरे की, बहुतेक दुकानदार एका तागडीत व थोडे दुसऱ्या तागडीत आहेत. आणि ही विभागणी लहान व मोठे अशी नाही.

ती विभागणी कोणती, हे देवाचे वचन सांगते. अनुवाद २२:८ मध्ये नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की, धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी पडल्यास रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. पडणारा स्वतःच्या निष्काळजीपणाने पडेल, असे घरधनी म्हणू शकला असता. देवाने ते चालू दिले नाही. निर्गम २१:२९ मध्ये मारक्या बैलाची गोष्ट आहे. बैल मारका आहे हे धन्याला आधीच सांगितलेले असताना त्याने तो आवरला नाही, तर दोष बैलापाशी थांबत नाही. आणि लूक १० मधील याजक व लेवी पाहा. जखमी माणसाला वळसा घालून ते गेले, तरी कोणत्याही न्यायालयाने त्यांना शिक्षा केली नसती. कायद्याने मोकळा झालेला मनुष्य देवापुढे मोकळा झालाच असे नाही. ज्या दुकानात फॉर्म संपला म्हणजे कर्तव्य संपते, ते एका प्रकारचे दुकान. जेथे फॉर्म संपल्यावरही कठडा लागतो, ते दुसऱ्या प्रकारचे.

येथे एक योग्य आक्षेप येतो. दुकानदार म्हणजे काही अंतःकरणे पारखणारा देव नव्हे. त्याला नकाराचा अधिकार दिला, तर तो ‘आपल्या’ माणसाला हसून देईल आणि परक्या वर्णाच्या, परक्या भाषेच्या गिऱ्हाइकाला संशयाने घालवून देईल. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. जातीचा अनुभव असलेल्या आमच्या मंडळ्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही. ओळख ही चांगली गोष्ट आहे, पण ओळखीत पक्षपात सहज शिरतो. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मंडळीलाच त्याबद्दल खडसावले आहे. चार्ल्स्टनचा तो तरुण गावच्या दुकानाला परका दिसला नसेल. म्हणूनच लेखी नियम हवा, आणि तो धन्याच्या भाच्यापासून वाटसरूपर्यंत सर्वांना सारखा हवा. मोठ्या दुकानापासून हे शिकावे. आणि नियम पुरा झाल्यावरही समोरचा मनुष्य रडवेला आहे, प्यालेला आहे, किंवा दुसऱ्या कोणाच्या नावावर माल नेतो आहे, हे दिसले पाहिजे. चांगल्या लहान दुकानापासून हे शिकावे. कोणाचे तोंडवळे पाहून नव्हे, तर वागणे पाहून थांबवावे.

नकाराला किंमत द्यावी लागते, हेही सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लॉरिडातील पार्कलंड येथील शाळेत १७ जण मारले गेले. त्या मारेकऱ्याने काही महिन्यांपूर्वी डिक्स स्पोर्टिंग गुड्स ह्या साखळीच्या दुकानातून एक बंदूक घेतली होती. हत्याकांडात वापरलेली बंदूक ती नव्हती, आणि विक्री कायदेशीर होती. तरीही त्या साखळीने लष्करी पद्धतीच्या रायफली विकणे सर्व दुकानांत बंद केले, आणि शिल्लक राहिलेल्या सुमारे ५० लक्ष डॉलर किमतीच्या रायफली परत न पाठविता मोडून टाकल्या. पुष्कळ गिऱ्हाइके रागावून गेली. त्यांचा निर्णय प्रत्येकाला पटेल असे नाही. परंतु ‘ती बंदूक आमची नव्हती’ ह्या वाक्यामागे ते लपले नाहीत, एवढे तरी घेण्याजोगे आहे.

तर मग घेणाऱ्याने काय करावे? स्वस्त कोठे, जवळ कोठे, हे विचारण्यापूर्वी त्याने विचारावे: हे दुकान होकार येईपर्यंत थांबते काय? मालाची मोजदाद वेळच्या वेळी होते काय? नोकराने विक्री नाकारली, तर धनी त्याच्या पाठीशी उभा राहतो काय? आणि सर्वांत कठीण प्रश्न: प्रसंग आला, तर हे दुकान मलाही ‘नाही’ म्हणेल काय? ज्या दुकानाच्या ‘नाही’चा आपणांस राग येतो, ते पुष्कळदा आपल्या लेकराबाळांचे रक्षण करीत असते. आज आपण शांत आहो. उद्या दुःखाने किंवा क्रोधाने आंधळे होणार नाही, अशी खात्री आपल्यापैकी कोण देईल? आपला पैसा कोणत्या गल्ल्यात पडतो, त्यावर कोणत्या प्रकारचे दुकान टिकते हे ठरते.

आपल्या लोकांपैकी बंदुका विकणारे फारसे नसतील. पण औषधांची, कीटकनाशकांची दुकाने चालविणारे, तेथे नोकरी करणारे आहेत. अवेळी आलेला, नजर चुकविणारा, पीक कोणते व फवारणी कशाची हे न सांगता विषाची बाटली मागणारा शेतकरी आपल्याच तालुक्यातला असतो. त्याला ‘बसा, चहा घ्या, घरी काय चालले आहे?’ असे विचारणे हा त्या गल्ल्यावरचा कठडा होय. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी अनुवादातील तो कठडा मुलांना शिकविताना केवळ धाब्याचे चित्र काढून थांबू नये. तुमच्या घरच्या धंद्याला कठडा कोठे लागेल, हे मुलांना विचारावे. उत्तरे ऐकण्याजोगी येतील.

चार्ल्स्टनच्या मृतांच्या नातेवाइकांपैकी कित्येकांनी दोनच दिवसांनी न्यायालयात त्या तरुणाला क्षमा केल्याचे सांगितले, आणि जग थक्क झाले. त्याच कुटुंबांनी तपासातील चुकीबद्दल सरकारवर दावाही लावला. २०२१ मध्ये सरकारने ८ कोटी ८० लक्ष डॉलर देण्याचे मान्य केले. ह्या दोन गोष्टींत विरोध आहे असे आम्हांला वाटत नाही. क्षमा केल्याने कठडा अनावश्यक होत नाही. ज्याने आपल्या भावाचा मी राखणदार आहे काय असे विचारले, त्या काइनाला देवाने दिलेले उत्तर आपण लहानपणीच पाठ केले आहे. गल्ल्याच्या अलीकडे उभे असू किंवा पलीकडे, तेच उत्तर आपल्याही वाट्याला येते.