'बा' म्हणजे कोण?

नृसिंहवाडीला आपण 'नरसोबाची वाडी' म्हणतो. श्रीनृसिंहसरस्वती हे यतींचे नाव. पण आपल्या माणसांनी त्यातला नृसिंह तेवढा उचलला, त्याचा 'नरस' केला आणि पुढे 'बा' जोडला. विठोबा, खंडोबा, ज्ञानोबा, तुकोबा, सगळीकडे हाच बा. बा म्हणजे बाप. घरदार सोडलेल्या संन्याशालाही आपण बाप करून टाकले, याचे मला फार कौतुक वाटते. ('नको रे बा!' मधला बा वेगळा. तिथे बाप नाही, नुसती धास्ती आहे.)

प. पू. टेंबे स्वामी कोकणात माणगावी १८५४ साली जन्मले आणि १९१४ साली नर्मदातीरी गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. गरुडेश्वर गुजरातेत. तिथल्या घरांतून आईला 'बा' म्हणतात, कुठे आजीलाही. कस्तुरबांना 'बा' म्हणत ते याच अर्थाने. म्हणजे वाडीहून गरुडेश्वरला पोचेपर्यंत बापाची आई झालेली असते.

आणि गाणगापूर कानडी मुलखात. कानडीत बा म्हणजे 'ये'. लहानांना, जवळच्यांना आणि देवाला 'बा'. परक्या मोठ्या माणसाला 'बन्नी', म्हणजे 'या'. पुरंदरदासांचे लक्ष्मीला बोलावणारे पद भीमसेनजींच्या आवाजात आपण ऐकले आहे. त्यातले 'बारम्मा' म्हणजे 'ये गं आई'.

गाणगापूरला दुपारी माधुकरी मागायची रीत आहे. दोन वर्षांमागे माझ्याबरोबर एक सोबती होते, पंचाहत्तरीचे, बँकेतून निवृत्त झालेले. झोळी धरून मागायची त्यांची ती पहिलीच वेळ, त्यामुळे जरा अवघडून मागेच उभे होते. एका ओसरीवरच्या म्हातारीने त्यांच्याकडे पाहून हाताने खुणावले, "बा, बा!" भाकरीचा तुकडा झोळीत पडला आणि यांच्या डोळ्यांना धार लागली. संध्याकाळी संगमावर मला म्हणाले, "ओळख ना पाळख, आणि तिनं मला बाप म्हटलं हो!"

मला थोडीफार कानडी कळते. ती 'ये, ये' म्हणाली होती.

आता प्रश्न असा, की ऐकणाऱ्याने लावलेला अर्थ बोलणाऱ्याच्या मनात नव्हताच, तर त्याला आलेला गहिवर खोटा ठरतो का? आणि दुसरा त्याहून अडचणीचा. हे त्यांना सांगावे की नाही?

देव भाव पाहतो, अर्थ कशाला हवा, असे कुणीही म्हणेल. खरेच आहे ते. पण हे वाक्य आपण फार सोयीने वापरतो असे माझे मत आहे. अर्थ न कळता घेतलेल्या नामालाही फळ आहे, असे आपली परंपरा मानते, मीही मानतो. मात्र ते नाम आणि देव यांच्यातले झाले. इथे समोर एक बाई होती. तिच्या मनात काहीतरी होते आणि तेवढ्यासाठी तिने ते अक्षर उच्चारले. तिचा अर्थ सोडून आपलाच धरून बसायचे, म्हणजे भिक्षा घ्यायची आणि वाढणारीच्या तोंडाकडे बघायचेही नाही.

मी त्याच रात्री सांगितले. भक्तनिवासात दिवा मालवल्यावर सांगितले, कारण उजेडात धीर झाला नसता.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग तर बरंच झालं. बाप म्हणणारे दोघं आहेत, अमेरिकेत. 'ये' म्हणणारं कुणी राहिलं नव्हतं."

गहिवर खोटा नव्हता एवढे मला पटले. पण खरा अर्थ कळल्याने तो कमी झाला नाही, उलट त्याला बसायला नीट जागा मिळाली, हेही पाहिले. न सांगता राहिलो असतो तर त्या म्हातारीचे 'ये' त्यांच्यापर्यंत पोचलेच नसते.

गुरुचरित्रात कानडी पदे आहेत. सप्ताहात तिथे आल्यावर आपण कसे भरभर वाचून पुढे सरकतो, ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. आमच्या गल्लीत विजापूरकडच्या एक बाई राहतात. यंदा दत्तजयंतीच्या सप्ताहाआधी एक संध्याकाळ पोथी घेऊन त्यांच्याकडे बसायचे ठरवले आहे. सोबतीही येतो म्हणाले आहेत.